आताच हाती आलेली बातमी

आमच्या घरी रोज सकाळी सात वाजता देशात काहीतरी घडतं. सोमवारी राजानं गादी सोडली, तर आईनं दिवसभर राणीची काळजी केली, त्या बाईला साधा चहा तरी करता येत असेल का म्हणून. मंगळवारी पहिली आगगाडी सुटली. आई ठेवणीतला कोट घालून, केस विंचरून दारात उभी. लवकर नाही निघालो तर पुढं उभं राहायला मिळायचं नाही, म्हणाली. बुधवारी शेजारच्या देशानं सीमा ओलांडली. त्या दिवशी मी कामावरून आले तेव्हा घरातलं एकूण एक भांडं, अगदी फुलदाणीसुद्धा, पाण्यानं भरलेलं होतं आणि खिडक्यांच्या काचांवर पिठाच्या खळीनं कागद चिकटवले होते. कागद माझेच होते. पुढच्या आठवड्याचे कार्यक्रम मी त्यांच्यावर लिहून ठेवले होते. म्हणजे इतिहास मीच लिहायचा आणि मीच तो काचेवरून खरवडून काढायचा.

मी रेडिओ केंद्रात काम करते. ‘आताच हाती आलेली बातमी’ हा सकाळचा कार्यक्रम माझ्याकडे आहे. देशाच्या इतिहासात आजच्या तारखेला जे घडलं ते सांगायचं, पण अशा थाटात की जणू आत्ता, चहा निवायच्या आत घडलंय. आधी बातम्यांची धून, मग निवेदकाचा घाईतला आवाज, आणि वर्ष कुठलं ते अगदी शेवटच्या वाक्यात. ही क्लृप्ती केंद्राच्या पहिल्या साहेबांची. शाळेतली मुलं वर्ष ओळखायच्या पैजा लावतात. अगदी सुरुवातीला एका दुकानदारानं राजा वारल्याचं ऐकून घाईघाईनं दुकान बंद केलं होतं, ती गोष्ट केंद्रात अजून रंगवून सांगतात. मीही पोट धरून हसायचे. आता तो दुकानदार माझ्या घरात राहतो.

आईची आठवण जुन्या चादरीसारखी विरत गेली, आधी मधोमध, मग कडेपर्यंत. बातमी ऐकली की वर्ष सांगेपर्यंत थांबायला तिला वेळ नसतो; ती उठते आणि कामाला लागते. झोपली की सगळं पुसलं जातं आणि दुसऱ्या दिवशी सातला नवा देश सुरू होतो. वाद घालू नका, असं डॉक्टर म्हणाले. ती ज्या दिवसात असेल त्या दिवसात आपण जायचं. बोलायला काय जातं. मी एकदा राज्याभिषेकाच्या दिवशी नव्या राजाच्या मिरवणुकीसाठी तिच्याबरोबर तासभर गॅलरीत उभी राहिले होते, आणि खालून फक्त कचऱ्याची गाडी गेली. आईनं तिलाही हात केला.

हे सगळं मी हसत हसत निभावलं असतं, पण मध्ये दादा आहे.

दादा म्हणजे माझा मोठा भाऊ. घड्याळाच्या दुकानात शिकाऊ होता. पावाचे भाव वाढले म्हणून चौकात मोठा मोर्चा निघाला, त्यात तो गेला, आणि सैनिकांनी गोळ्या झाडल्या त्यात तो मेला. मी तेव्हा शाळेत होते, बाबा त्याआधीच गेले होते. सरकारनं जाहीर केलं की काही गुंडांनी दगडफेक केली आणि पळापळीत थोडे लोक चेंगरले. किती, कोण, कुणाची मुलं, काही नाही. लोकांनी आईला समजावलं, नुसता तिथून जात होता म्हणून सांग, कामावरून येत होता म्हण, नुकसानभरपाई तरी मिळेल. आई म्हणायची, तो गेला होता. स्वतःच्या पायांनी गेला होता.

आता आईच्या डोक्यात बाबांचं जाणं पक्कं आहे, दादाचं तेवढं पुसलं गेलं. तिच्या हिशेबी तो सकाळी दुकानात जातो आणि अंधार पडायच्या सुमाराला येतो. संध्याकाळ झाली की विचारते, दादा आला का? मी म्हणते, आज उशीर होईल म्हणाला. एवढ्यावर तिचं भागतं. जेवते आणि झोपते.

आजाराच्या सुरुवातीला मी एकदा तिला खरं सांगितलं होतं. खोटं बोलून बोलून मला माझाच वीट आला होता. शांतपणे, हात हातात घेऊन सांगितलं की आई, दादा नाही, तो कधीच गेला. त्यानंतर जे झालं ते मला परत बघायचं नाही. ती ओरडली ती अगदी त्या पहिल्या दिवशीसारखी, त्याच सुरात. मी लहानपणी तो आवाज ऐकला होता म्हणून ओळखला. मग चप्पल न घालता जिना उतरली, त्याला आणायला. खाली पायरीवर छाती धरून बसली ती उठेना. आठवडाभर दवाखान्यात होतो. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की या हृदयाला असा दुसरा धक्का झेपणार नाही. सांगितलं कसलं, दम दिला.

तेव्हापासून मी देशाचा इतिहास निवडून घ्यायला लागले. तांदळातले खडे काढावेत तशी प्रत्येक तारखेच्या मंजूर यादीतली युद्धं बाजूला काढली, दुष्काळ काढले, खून काढले. उरले ते पूल, शाळा, दिवे लागले ते दिवस, आणि कुठली कुठली पदकं. कधी एखादी तारीख अशी यायची की युद्धाशिवाय हाती काही लागायचं नाही, त्या दिवशी घरी पाणी भरलं जायचं. एकदा साहेबांनी बोलावून विचारलं, “बाई, या देशात नुसते पूलच बांधलेत काय?” मी म्हटलं, नद्या खूप आहेत. साहेब तसे वाईट नाहीत. चष्मा पुसत बसले आणि जा म्हणाले.

गंमत बघा. याच केंद्राच्या फाटकाशी आई उभं आयुष्य घालवून बसली. दर वर्षी ती तारीख जवळ आली की ती आणि ट्रामवाले काका फाटकाबाहेरच्या बाकावर येऊन बसायचे. काका ट्राम चालवायचे, आता थकलेत. त्यांची मुलगी दादाच्याच दिवशी, त्याच चौकात गेली. दोघांचं मागणं एकच, त्या दिवशीच्या कार्यक्रमात गोळीबार सांगा आणि मुलांची नावं घ्या. आमच्याकडे नियम असा की कार्यक्रमात तेच येतं जे आधी कधीतरी येऊन गेलंय. नवीन काही घालायचं तर वरून हुकूम लागतो. त्या तारखेला काय यायचं? प्राणिसंग्रहालयासाठी बोटीनं पहिला जिराफ बंदरावर उतरला, ते. वर्षानुवर्षं आम्ही त्या तारखेला जिराफ उतरवत होतो. आई ऐकायची, ‘आला बाई जिराफ’ म्हणायची, रेडिओ बंद करायची आणि डबा घेऊन फाटकावर जायची.

मी केंद्रात टायपिस्ट म्हणून लागले तीही तिच्याच सांगण्यावरून. आतून काही होतंय का बघ, म्हणाली. मग कार्यक्रम लिहायला लागले, तर काका मला चिडवायचे, आता घरभेदी तयार झाली, लंका पडलीच म्हणून समजा. कसली लंका आणि कसलं काय. आई बाहेर बाकावर आणि मी आत जिराफाच्या मानेची लांबी टाइप करत बसलेली, असं किती वर्षं चाललं. तिनं मला एका शब्दानं बोल लावला नाही. संध्याकाळी मी बाहेर पडले की डब्यातलं उरलेलं मला द्यायची, आम्ही तिघं चालत घरी यायचो.

आणि गेल्या वर्षी तिनं जिराफाची बातमी ऐकून टाळ्या वाजवल्या. “दादाला सांग, रविवारी बघायला जाऊ,” म्हणाली. मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून रडले.

या वर्षी सरकार बदललं. नव्या लोकांनी जुनी कपाटं उघडली आणि हुकूम निघाला की चौकातला गोळीबार हा राष्ट्रीय स्मृतिदिन. ‘आताच हाती आलेली बातमी’मध्ये तोच सांगायचा, नेहमीच्याच पद्धतीनं, म्हणजे नव्या पिढीच्या अंगावर काटा येईल. सगळी नावं वाचायची. नाव, वय, कामधंदा. त्या दिवशी चौकाचौकात कर्णे लावून सगळ्या शहराला ऐकवायचं. हुकमाचा कागद साहेबांनी माझ्या हातात ठेवला आणि म्हणाले, अभिनंदन. त्यांच्या मनात काही नव्हतं. मी मात्र ‘नेहमीच्याच पद्धतीनं’ हे शब्द पुन्हा पुन्हा वाचत राहिले.

जे ऐकायला आईनं सगळं आयुष्य बाकावर काढलं ते आता येणार होतं, आणि ती ते बातमी म्हणून ऐकणार होती. सकाळी सात वाजता, आताच हाती आलेली.

मी काय काय करून पाहिलं नाही. साहेबांना म्हटलं, या एका दिवशी तरी वर्ष आधी सांगू या, श्रद्धांजलीसारखं वाचू या. ते म्हणाले, हुकमात ‘नेहमीच्या पद्धतीनं’ असं स्पष्ट लिहिलंय. मग मी घरची सगळी कथा सांगितली. ते फार अवघडले. बराच वेळ टाचणीच्या डबीशी खेळले आणि शेवटी म्हणाले, तुम्ही त्या दिवशी रजा घ्या. जणू मी घरी बसले की कर्णे गप्प बसणार होते. आईला शहराबाहेर न्यावं तर ती दवाखान्यापर्यंत न्यायची म्हटली तरी जिन्याचा कठडा सोडत नाही. डॉक्टर झोपेचं औषध द्यायला तयार नाहीत, म्हणाले, या वयात झोपवणं सोपं आहे, उठवणं नाही. कानात कापूस घालावा तर काढून टाकते. रेडिओच बंद ठेवावा? ते मी मागं एकदा केलं होतं, बॅटऱ्या काढून. आई पांढरीफटक पडली. दादा गेला त्या आठवड्यात रेडिओ असाच गप्प होता. रेडिओ गप्प म्हणजे केंद्र सैन्याच्या ताब्यात, हे तिच्या हाडात बसलंय. आणि हे सगळं जमवलं असतं तरी आमच्या खिडकीखाली, तळमजल्यावरच्या शिवणवालीच्या दुकानासमोर, कर्ण्याचा खांब रोवायला माणसं आलीच होती. मी वरून बघत होते. आई त्यांना म्हणाली, चहा घेणार का?

मी हात टेकले.

आदल्या दिवशी ध्वनिमुद्रण झालं. आमच्या निवेदकाला सगळे खर्ज म्हणतात, त्याचा आवाज विहिरीतून आल्यासारखा आहे. त्याला दादाचं सगळं माहीत होतं. काचेपलीकडून त्यानं माझ्याकडे बघितलं, पाणी प्यायला आणि सुरू केलं. गोळीबार, चौक, पावाचा भाव. मग नावं. छापखान्यातल्या खिळे जुळवणाऱ्यानंतर दादा होता, दादानंतर काकांची मुलगी. दादाचं नाव त्यानं अगदी सावकाश घेतलं. वय एकोणीस, घड्याळाच्या दुकानात शिकाऊ. त्या इमारतीत ते नाव पहिल्यांदा कुणीतरी मोठ्यानं उच्चारलं होतं, आणि ऐकायला आई नव्हती, मी होते. मी टेबलावर डोकं टेकून रडले. खर्ज थांबला नाही, शेवटपर्यंत वाचत गेला, त्याबद्दल मी त्याची आभारी आहे.

नंतर फीत माझ्याकडे आली. खोकला, अडखळणं, खुर्चीचा आवाज काढायचा, हे माझं रोजचं काम. फीत पुढंमागं हातानं फिरवून जागा धरायची, पेन्सिलनं खूण करायची, पात्यानं तिरका छेद द्यायचा आणि दोन टोकं चिकटपट्टीनं जोडायची. मी खर्जाचे दोन खोकले काढले. कागदाचा सळसळाट काढला. मग माझे हात दादापाशी येऊन थांबले. मी काही ठरवून बसले नव्हते, एवढंच सांगते. डोक्यात फक्त आईचे जिन्यावरचे अनवाणी पाय होते. मी आधी खूण केली, नंतर दुसरी खूण केली, आणि कापलं.

हातभर फीत. एवढीच निघाली. कचऱ्याच्या डब्यात खोकल्यांबरोबर तिला टाकवेना, म्हणून बोटाभोवती गुंडाळून पर्समध्ये ठेवली. उरलेली जोडून ऐकली तर सांधा कुठं आहे ते मलासुद्धा कळेना. इतकं स्वच्छ काम मी कधी केलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी रजा घेतली. शिवणवाली तिचं दुमडायला आणलेलं कापड घेऊन वर आली. मी कामावर असते तेव्हा तीच आईजवळ बसते, त्या दिवशी मीच तिला बोलावलं होतं, एकटीची छाती होईना. सात वाजता धून वाजली. घरातला रेडिओ आणि खालचा कर्णा यांच्यात जरासं अंतर होतं, त्यामुळे प्रत्येक वाक्य दोनदा यायचं, एकदा घरात आणि एकदा रस्त्यात.

गोळीबार ऐकताच आईनं टेबलाची कड घट्ट धरली. “दादा कुठल्या रस्त्यानं गेलाय?” तिनं मला विचारलं. मी म्हटलं, नदीकडच्या. ती म्हणाली, खोटं बोलू नकोस, तो चौकातूनच जातो. मग नावं सुरू झाली आणि तिनं आम्हाला हातानं गप्प केलं. ती कशी ऐकत होती ते मी सांगू शकत नाही. ओठ मिटलेले, मान थोडी पुढं, फाटकाच्या बाकावर बसायची तशीच. खिळे जुळवणाऱ्याचं नाव आलं, रस्त्यात पुन्हा आलं. मी डोळे मिटले. त्याच्यामागं काकांच्या मुलीचं नाव आलं.

“अगं बाई,” आई म्हणाली, “ही भाऊजींची पोर.” तिनं तोंडावर हात ठेवला, पण कान तसाच रेडिओकडे होता. शेवटचं नाव संपलं, वर्ष सांगितलं गेलं, ते तिनं ऐकलं नाही. ती हळूहळू खुर्चीत मागं टेकली.

“आपला नाही त्यात,” आई म्हणाली. “आपला सुटला.”

माझा जीव भांड्यात पडला, हे खोटं कशाला बोलू. शिवणवाली माझ्याकडे बघत होती. तिला दादाचं नाव माहीत होतं आणि यादीत ते नव्हतं, हे तिच्या ध्यानात आलं होतं. तिनं मान खाली घातली आणि टाके घालायला लागली. आईनं पोटभर खाल्लं. बटाटे सोलायला घेतले, दादा दमून येईल, आज त्याला गरम काहीतरी हवं. मला वाटलं, निभावलं.

दुपारी ती म्हणाली, मग तो आहे कुठं?

मी म्हटलं, उशीर होईल म्हणाला. ती म्हणाली, शहरात गोळीबार झालाय आणि तो दुकानात बसून राहील होय? मी म्हटलं, रस्ते बंद असतील. ती म्हणाली, मग निरोप धाडला असता. रोजच्या एका वाक्यावर भागणारी माझी आई, तिला त्या दिवशी माझं एकही उत्तर पुरेना. दवाखान्यात बघून ये म्हणाली. मी जिना उतरले, शिवणवालीच्या दुकानात शिलाईयंत्राशेजारी थोडा वेळ बसले आणि वर येऊन सांगितलं, दवाखान्यात नाही. चौकीत बघ म्हणाली. मी परत खाली जाऊन बसले, मग घड्याळाच्या दुकानासाठी आणखी एकदा. असं मी दादाला तीन ठिकाणी शोधून आले, त्याच एका स्टुलावर बसून.

संध्याकाळी काका आले. कोटाला पांढरं फूल लावलेलं, चौकातल्या सभेतून थेट आले होते. दारातच हळू आवाजात म्हणाले, “पोरी, नाव राहिलं गं. आपल्या पोराचं नाव राहिलं.” त्यांना वाटत होतं की सरकारी चूक झाली, उद्याच सगळे मिळून जाऊ. मी काही बोलायच्या आत आईनं आतून विचारलं, कोण आहे? काका पुढं झाले.

आईनं त्यांना बसवलं, त्यांच्या समोर उभी राहिली आणि म्हणाली, “भाऊजी, आमचा नाही हो त्यात. मी सगळी नावं ऐकली.”

काकांनी तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. किती वर्षं ते दोघं एका बाकावर बसले होते. माझ्या तोंडाकडे बघून त्यांना सगळं कळलं. त्यांना राग येऊन गेलेला मी पाहिला, कपाळावरची शीर वर आली आणि खाली गेली.

“नाही ना, वहिनी,” काका म्हणाले. “तुमचा सुटला.”

“पण तुमची पोर,” आई म्हणाली, आणि तिनं काकांचं डोकं पोटाशी धरलं. ती त्यांच्या मुलीसाठी रडली, अगदी आज गेल्यासारखी रडली. तिची वेणी, तिचं जिन्यावरून गाणं म्हणत येणं, सगळं तिला आठवत होतं. काकाही रडले. इतक्या वर्षांत लोक त्यांचं सांत्वन करताना जुन्या दुःखाचं करतात तसं करायचे, उरकून. त्या संध्याकाळी कुणीतरी नवं केलं. मी कोपऱ्यात उभी होते आणि माझ्या भावासाठी रडायची मला सोय नव्हती.

डोळे पुसून आई म्हणाली, “एक सांगू का भाऊजी, तुम्हाला निदान कळलं तरी. मला कोण सांगणार?”

काकांना सोडायला मी जिन्यापर्यंत गेले. कठड्याला धरून ते थोडा वेळ उभे राहिले. वरच्या हुकमानं केलेली फीत एकदा वाजली की तशीच कपाटात जाते आणि दर वर्षी तीच वाजते, हे त्यांना माहीत होतं. एवढी वर्षं फाटकावर बसून केंद्राचे सगळे नियम त्यांना पाठ झालेत. मी पर्स उघडून त्यांना ते भेंडोळं दाखवलं. त्यांनी ते हातात घेतलं नाही, नुसतं बोट लावून पाहिलं.

“पुढच्या वर्षी जोडशील ना?” काकांनी विचारलं.

मी हो म्हटलं. आणि मग पुढच्या वर्षी ते जोडायचं तर त्याआधी काय व्हायला हवं, हे दोघांच्याही एकदमच लक्षात आलं. काका एकेक पायरी उतरत गेले.

आईनं दादाचं ताट झाकून ठेवलं आणि खुर्ची ओढून दाराशी बसली. कडी लावू नकोस म्हणाली. मी म्हटलं, आई, झोप, सकाळी बघू. झोपली की सगळं पुसलं जातं, माझी सगळी भिस्त त्या एका झोपेवर होती. पण ती खुर्चीतून हलली नाही. मध्येच डोळा लागायचा आणि जिन्यात कुणाचं पाऊल वाजलं की उघडायचा.

जिराफ लोकांच्या आवडीचा, त्याला एकदम कसं काढणार, म्हणून साहेबांनी तो एक दिवस पुढं ढकलला होता. इतिहासाला एवढं चालतं. सकाळी सात वाजता धून वाजली आणि जिराफ बंदरावर उतरला. खर्जानं छान वाचलं होतं. मी आवाज वाढवला, चहाचा कप आईच्या हातात दिला आणि म्हटलं, आई, ऐकलंस का, जिराफ आलाय बोटीनं. तिनं रेडिओकडे मानसुद्धा वळवली नाही.

“दादा आला का?”

“उशीर होईल म्हणाला,” मी म्हटलं.

“काल गोळीबार झालाय, चिमणे,” आई म्हणाली. “नुसता उशीर कसा होईल?”

आजारी पडल्यापासून तिच्या तोंडून ‘काल’ हा शब्द मी पहिल्यांदाच ऐकत होते. मी रेडिओ बंद केला. दार उघडंच होतं, मी दुसरी खुर्ची आणून तिच्या शेजारी ठेवली आणि बसले.